शरीरात साठलेलं जास्तीचं लोह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोह तर शरीराला हवंच असतं. मग ते जास्त कसं होतं?

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, म्हणजे दोन-अडीच इंची खिळ्याएवढं. त्यातलं सुमारे दोन तृतीयांश रक्ताच्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेलं असतं आणि उरलेलं बरंचसं यकृतात साठवलेलं असतं. नवीन लाल पेशी बनवायला रोज २० ते २५ मि.ग्रॅ. लोह लागतं, पण ते जवळजवळ सगळं म्हाताऱ्या पेशी मोडून परत मिळतं. अन्नातून रोज फक्त १ ते २ मि.ग्रॅ. आत येतं आणि त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर तेवढंच बाहेर जातं. स्त्रियांमध्ये पाळीतून आणखी थोडं जातं.

मुख्य अडचण अशी की जास्तीचं पाणी किंवा मीठ मूत्रपिंडं बाहेर टाकतात, तशी सोय शरीराने लोहासाठी ठेवलेलीच नाही. नियंत्रण आहे ते फक्त आत येण्यावर. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक आतड्याच्या पेशींवरचं फेरोपोर्टिन हे दार बंद करतं. हेप्सिडिन कमी पडलं की दार उघडंच राहतं. आणि लोह थेट शिरेतून, म्हणजे चढवलेल्या रक्तातून आलं, तर दाराचा प्रश्नच उरत नाही. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

फेरिटिन वाढलेलं आलं आहे. म्हणजे लोह जास्त झालं का?

बहुतेक वेळा नाही. घाबरून जाण्याआधी हे समजून घ्या, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन आहे, पण शरीरात कुठेही दाह असला तरी ते वाढतं. यकृतावरची चरबी, लठ्ठपणा, मधुमेह, नियमित मद्यपान, नुकताच होऊन गेलेला संसर्ग, सांध्यांचे दाहक आजार, मूत्रपिंडाचे जुने आजार, कर्करोग या सगळ्यांत फेरिटिन चढतं आणि लोहाचा साठा मात्र ठीकच असू शकतो. यकृताच्या पेशींना इजा झाली की आतलं फेरिटिन रक्तात सांडतं, एवढंच.

एक वेगळा प्रकार लक्षात ठेवा. सतत ताप आहे आणि फेरिटिन १०,००० च्या वर गेलं आहे, तर तो बहुधा लोहाच्या साठ्याचा नव्हे, रोगप्रतिकारशक्तीच्या उद्रेकाचा प्रश्न असतो. तिथे बाह्यरुग्ण विभागाची पुढची तारीख घेऊन चालत नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं.

मग रिपोर्ट वाचायचा कसा?

फेरिटिनच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहायचं. ट्रान्सफेरिन हे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन. त्याच्या किती टक्के जागा भरल्या आहेत, ते सॅच्युरेशन सांगतं. रिपोर्टवर तो आकडा नसेल तर घरी काढता येतो : सिरम आयर्न (रक्तातलं लोह) भागिले टीआयबीसी (रक्त जास्तीत जास्त किती लोह वाहू शकतं तो आकडा), गुणिले १००.

समजा, दोघांचं फेरिटिन ६२० आहे. पहिल्याचं आयर्न ९० आणि टीआयबीसी ३२०. सॅच्युरेशन २८ टक्के. इथे लोहापेक्षा यकृतावरची चरबी, साखर, मद्य, दाह यांचा शोध आधी घ्यावा. दुसऱ्याचं आयर्न १९० आणि टीआयबीसी २७०. सॅच्युरेशन ७० टक्के. इथे लोहाचा साठा खरोखर वाढला असण्याची शक्यता मोठी. फेरिटिन तेच, पण वाटा पूर्ण वेगळ्या.

साधारणपणे सॅच्युरेशन २० ते ४५ टक्के असतं आणि ४५ च्या वर सातत्याने राहिलं तर पुढचा तपास करतात. फेरिटिनची वरची मर्यादा पुरुषांत ३०० आणि स्त्रियांत २०० नॅनोग्रॅम प्रति मि.लि. धरण्याची पद्धत आहे, पण प्रयोगशाळेनुसार ती थोडी बदलते. १००० हा आकडा मात्र महत्त्वाचा. लोह खरोखर साठलेलं असेल आणि फेरिटिन १००० च्या वर असेल, तर यकृत कडक झालं आहे का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या तपासणीसाठी रक्त द्यायला जाताना काही पाळावं लागतं का?

हो, आणि हे सांगायचं राहून जातं. सिरम आयर्न दिवसभरात बरंच खालीवर होतं, म्हणून नमुना सकाळी उपाशीपोटी द्यावा. लोहाची गोळी किंवा लोह असलेली मल्टिव्हिटॅमिन निदान २४ तास आधी थांबवावी. गोळी घेऊन दोन-तीन तासांत दिलेल्या नमुन्यात सॅच्युरेशन खोटं वाढलेलं दिसू शकतं. ताप किंवा संसर्ग नुकताच होऊन गेला असेल तर काही आठवडे थांबून तपासणी पुन्हा करावी. एकाच रिपोर्टवर निदान पक्कं करू नये.

आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस म्हणजे काय?

हेप्सिडिन कमी बनण्याचा जन्मजात दोष. १८८९ मध्ये जर्मन रोगविज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी या आजाराला हिमोक्रोमॅटोसिस हे नाव दिलं, पण त्यामागचं एचएफई हे जनुक सापडायला १९९६ साल उजाडलं. ते सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यातला सी२८२वाय हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला, तर आजाराची शक्यता तयार होते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत दर २०० ते ३०० माणसांमागे एकात अशा दोन्ही प्रती असतात. इतर वंशांत हा बदल विरळ आहे.

दोन्ही प्रती असलेल्या सगळ्यांनाच आजार होतो असंही नाही. पुरुषांत तो बहुधा चाळिशीनंतर दिसतो. स्त्रियांत पाळी आणि बाळंतपणं लोह बाहेर काढत राहतात, त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर. एच६३डी या दुसऱ्या बदलाचं नाव रिपोर्टवर पाहून अनेकांची झोप उडते, पण तो एकटा असेल तर सहसा लोह साठत नाही.

एचएफई चाचणी नॉर्मल आली म्हणून विषय संपत नाही. हेमोजुव्हेलिन, हेप्सिडिन, ट्रान्सफेरिन रिसेप्टर २ आणि फेरोपोर्टिन या लोहाचं नियंत्रण करणाऱ्या इतर प्रथिनांच्या जनुकांतल्या दोषांमुळेही लोह साठतं. पहिल्या दोघांतला आजार तिशीच्या आतच उग्र होतो आणि त्यात हृदयावर व लैंगिक संप्रेरकांवर आधी घाला पडतो.

रक्त चढवल्यामुळे किती लोह साठतं?

लाल पेशींच्या एका पिशवीत २०० ते २५० मि.ग्रॅ. लोह असतं. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा तीव्र जन्मजात आजार, असलेल्या प्रौढाला दर तीन आठवड्यांनी २ पिशव्या लागत असतील, तर वर्षाला ३४ च्या आसपास पिशव्या होतात, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम लोह. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात असतं त्याच्या जवळपास दुप्पट, आणि तेही एकाच वर्षात. म्हणून १० ते २० पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन १००० च्या वर स्थिरावलं, की लोह काढायचं औषध सुरू करतात. सिकलसेल, मायलोडिस्प्लेझिया (अस्थिमज्जेत धड पेशी न बनण्याचा आजार) आणि काही दुर्मिळ ॲनिमियांमध्ये वारंवार रक्त लागत असेल तर हाच हिशेब लागू.

माझं हिमोग्लोबिन कमी आहे. मग लोह जास्त कसं असेल?

‘हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी’ हे समीकरण डोक्यातून काढून टाका. लोह असूनही ते वापरून धड लाल पेशी बनवता येत नसतील, तर हिमोग्लोबिन कमी आणि लोह जास्त अशी स्थिती होते. थॅलेसेमिया इंटरमीडिया या मधल्या तीव्रतेच्या प्रकारात नेमकं हेच घडतं. अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने पेशी बनवू पाहते, एरिथ्रोफेरोन हा संदेश सोडते, त्याने हेप्सिडिन दबतं आणि आतडं आणखी लोह ओढून घेतं. एकदाही रक्त न चढवता साठा वाढत जातो.

अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, हे दुर्दैवाने नवीन नाही. गोळ्यांचा पूर्ण कोर्स होऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर दुसरा कोर्स सुरू करण्याआधी फेरिटिन आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी चाचणी) करून घ्या. थॅलेसेमिया मायनर (सौम्य प्रकार) असलेल्यांनीही फेरिटिन खरोखर कमी असल्याशिवाय लोह घेऊ नये.

जेवणातून किंवा लोखंडी भांड्यांमुळे लोह जास्त होऊ शकतं का?

हेप्सिडिन ठीक चालत असेल तर नुसत्या जेवणातून सहसा नाही. साठा भरला की आतडं हात आखडता घेतं. गरज नसताना अनेक वर्षं घेतलेल्या गोळ्या आणि शिरेतून दिलेलं लोह यांची गोष्ट निराळी. साठा वाढलेला आहे हे ठरलं असेल तर आंबट पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवू नयेत, एवढं पुरे.

लक्षणं कोणती?

सुरुवातीला काहीच नसतात किंवा कुठल्याही आजारात बसतील अशी असतात : थकवा, पोटात उजवीकडे वर जडपणा, कामेच्छा कमी होणं. त्यातल्या त्यात ओळखीची खूण हातावर असते. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या मुळाशी असलेले सांधे, म्हणजे मूठ वळल्यावर जे दोन उंचवटे दिसतात ते, दुखतात आणि जाडसर होतात. हस्तांदोलन करताना कळ येते. वयाबरोबर होणाऱ्या झिजेच्या साध्या संधिवातात हे दोन सांधे सहसा पहिल्यांदा धरत नाहीत, म्हणून अनुभवी डॉक्टर तिथे दाबून पाहतात.

उशिरा दिसणारी चिन्हं म्हणजे त्वचेवर राखाडी-तांबूस झाक, मधुमेह, यकृताचा सिऱ्होसिस (व्रण धरून यकृत कडक होणं), हृदयाची धडधड किंवा दम लागणं. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये उंची न वाढणं आणि वयात यायला उशीर होणं ही वाढीची संप्रेरकं सोडणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीत लोह बसल्याची खूण असू शकते.

कुठल्या अवयवात किती लोह आहे हे कसं कळतं?

एमआरआयने. सुई टोचून यकृताचा तुकडा काढण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली आहे. यकृतातलं लोह कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे मि.ग्रॅ. मध्ये मोजतात : १.८ च्या खाली सामान्य, ७ च्या वर मध्यम, १५ च्या वर गंभीर. हृदयासाठी ‘टी-टू स्टार’ हा आकडा मिलिसेकंदांत येतो आणि तो उलटा वाचायचा असतो : २० च्या वर ठीक, २० च्या खाली लोह बसलेलं, १० च्या खाली हृदय निकामी होण्याचा मोठा धोका. फेरिटिन बरं दिसत असूनही हृदयात लोह असू शकतं, त्यामुळे नियमित रक्त चढवलं जाणाऱ्यांनी ही तपासणी फेरिटिनच्या भरवशावर टाळू नये.

यकृत कडक झालं आहे का, ते फायब्रोस्कॅनने पाहतात.

रक्त काढून टाकण्याचा उपचार नेमका कसा करतात?

आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसचा हाच पहिला आणि सर्वांत चांगला उपचार. लाल पेशी बनवायला शरीराला लोह लागतं. पेशी काढून घेतल्या की ते साठ्यातलं लोह उपसून नव्या बनवतं.

एका वेळी ४५० ते ५०० मि.लि. रक्त काढतात. माणूस किरकोळ बांध्याचा असेल तर किलोमागे ७ मि.लि. हा हिशेब धरतात आणि वृद्धांत किंवा हृदयरोग असल्यास त्याहूनही कमी. हिमोग्लोबिन १५ (दर १०० मि.लि. रक्तात १५ ग्रॅम) असलेल्या माणसाच्या ५०० मि.लि. रक्तात ७५ ग्रॅम हिमोग्लोबिन आणि त्यात साधारण २५० मि.ग्रॅ. लोह असतं. साठ्यात ५ ग्रॅम जास्तीचं असेल, तर २० ते २५ वेळा रक्त काढावं लागेल. आठवड्याला एकदा केलं तर पाच-सहा महिने. हा हिशेब आधीच कळला की माणूस दोन महिन्यांत कंटाळून सोडत नाही.

जायच्या तासभर आधी अर्धा लिटर पाणी प्या, उपाशीपोटी जाऊ नका. सुई जाड, १६-१७ गेजची असते. रक्त १० ते १५ मिनिटांत निघतं. नंतर तेवढाच वेळ आडवं राहा, उठताना आधी बसा, मग उभे राहा. चक्कर येते ती बहुतेक वेळा घाईने उठल्यामुळे. त्या दिवशी जड व्यायाम नको.

दर वेळी आधी हिमोग्लोबिन पाहतात. ते १२ च्या खाली गेलं तर अंतर वाढवतात, ११ च्या खाली गेलं तर थांबतात. फेरिटिन महिन्यातून एकदा आणि २०० च्या खाली आलं की दर एक-दोन वेळांमागे. ते ५० च्या आसपास पोहोचलं की पहिला टप्पा संपला. पुढे ते ५० ते १०० च्या दरम्यान ठेवायला वर्षातून २ ते ६ वेळा रक्त काढावं लागतं, आणि हे आयुष्यभर.

रक्त काढूनही आकडा खाली येत नाही, किंवा हिमोग्लोबिनच पडतं. काय चुकतं?

फेरिटिन अडून बसलं असेल तर आधी मद्य आणि यकृतावरची चरबी पाहा. तो भाग लोहाचा नसतोच, त्यामुळे रक्त कितीही काढलं तरी तो उतरत नाही. साठा अजून भरपूर असताना हिमोग्लोबिन भराभर पडत असेल तर बी-१२ आणि फोलेट तपासा. तेही ठीक असेल तर फेरोपोर्टिन दोषाची शंका घ्यावी. त्यात लोह पेशींत अडकून राहतं आणि सुरुवातीला सॅच्युरेशन कमी किंवा सामान्य असतं.

उलट बाजूची चूकही होते. फेरिटिन ५० वर आलं, पण सॅच्युरेशन अजून ६० आहे म्हणून उपसा चालूच ठेवायचा. या आजारात सॅच्युरेशन बराच काळ वर राहतं. त्याचा पाठलाग करत रक्त काढत राहिलं तर ॲनिमिया होतो आणि हेप्सिडिन आणखी दबून आतडं जास्तच लोह ओढू लागतं.

रक्त काढणं शक्यच नसेल तर?

थॅलेसेमियासारख्या आजारात मुळात रक्तच कमी. तिथे लोहाला धरून लघवी किंवा शौचावाटे बाहेर नेणारी औषधं, म्हणजे चिलेशन, वापरतात. औषधं प्रामुख्याने तीन आहेत.

डिफेरॉक्सामाइन हे सर्वांत जुनं. किलोमागे २० ते ६० मि.ग्रॅ., त्वचेखाली छोट्या पंपाने रोज ८ ते १२ तास, आठवड्यातून ५ ते ७ रात्री. ५०० मि.ग्रॅ. च्या कुपीत ५ मि.लि. इंजेक्शनचं पाणी घालतात. द्रावण याहून घट्ट झालं किंवा सुई वरवर बसली की गाठ येते, लाली धरते. जागा रोज बदलावी. लघवी लालसर होणं अपेक्षित आहे. ताप आणि पोटदुखी एकत्र आली तर पंप बंद करून डॉक्टरांना गाठा, कारण यर्सिनिया हा जंतू या औषधाने धरलेलं लोह वापरून वाढतो. साठा कमी झाल्यावरही मोठा डोस चालू राहिला तर कान आणि डोळे बिघडतात. दोन्हींची तपासणी वर्षातून एकदा.

डिफेरिप्रोन ही गोळी, किलोमागे ७५ मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा विभागून. हृदयातलं लोह काढायला ती चांगली. धोका पांढऱ्या पेशी अचानक कोसळण्याचा, म्हणून सुरुवातीला न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर आठवड्याला मोजतात. ताप आला किंवा घसा दुखला की गोळी लगेच थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. ‘उद्या बघू’ इथे चालत नाही.

डिफेरासिरॉक्स दिवसातून एकदाच घ्यायचं, म्हणून सोयीचं. पण ते दोन रूपांत मिळतं आणि दोन्हींचे डोस वेगळे आहेत. पाण्यात विरघळवायच्या गोळीचा डोस किलोमागे २० ते ४० मि.ग्रॅ., तर थेट गिळायच्या गोळीचा १४ ते २८. दुकानातून दुसऱ्या रूपातली गोळी आली आणि आकडा तोच ठेवला तर डोस जवळपास दीडपट होतो किंवा तेवढाच कमी पडतो. प्रत्येक वेळी पाकिटावरचं रूप वाचा. विरघळवायची गोळी दुधात किंवा सोड्यात घालू नये. पाण्यात घालून उपाशीपोटी, जेवणाआधी अर्धा तास घ्यावी आणि पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ पुन्हा थोडं पाणी घालून प्यावा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी चाचणी) आणि यकृताच्या चाचण्या महिन्याला. उलट्या-जुलाब लागले तर मूत्रपिंडांवर ताण येतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून औषध थांबवावं.

औषध कोणतंही असो, सर्वांत मोठं अपयश चुकवलेल्या डोसांचं असतं. किशोरवयात ते सर्वाधिक होतं आणि घरातल्यांना त्याचा पत्ता उशिरा लागतो.

आहारात काय टाळायचं?

फार थोडं. कडक पथ्याने दिवसाला अर्धा ते एक मि.ग्रॅ. लोह वाचेल, एकदा रक्त काढल्यावर २५० जातं. त्यामुळे पालेभाज्या आणि फळं सोडण्यात अर्थ नाही. टाळायच्या त्या लोहाच्या गोळ्या, लोह असलेली टॉनिकं आणि क व्हिटॅमिनच्या गोळ्या. यकृत आधीच अडचणीत असल्याने मद्यही. कच्चे शिंपले वर्ज्यच : त्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू लोह भरलेल्या शरीरात जीवघेणा ठरतो. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह थोडं कमी शोषलं जातं, पण तो उपचार नव्हे.

उपचाराने काय भरून येतं?

थकवा, त्वचेचा रंग, वाढलेली यकृताची एन्झाइम्स सुधारतात. यकृताचा सुरुवातीचा कडकपणा मागे हटू शकतो. हृदयातलं लोह नेटाने चिलेशन केल्यास निघतं. सांधेदुखी मात्र बहुधा राहते. सिऱ्होसिस झाला असेल तर फेरिटिन कितीही खाली आलं तरी यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका.

मधुमेह आहे. एचबीए१सी या तीन महिन्यांच्या सरासरीच्या चाचणीवरून साखर कळेल ना?

भरवसा ठेवू नका. रक्त काढल्याने किंवा चढवल्याने लाल पेशींचं सरासरी वय बदलतं आणि आकडा फसवा, बहुधा खोटा कमी येतो. घरच्या ग्लुकोमीटरची नोंद ठेवा.

घरातल्या इतरांनी तपासायचं का?

हिमोक्रोमॅटोसिस निघाला असेल तर हो, आणि सख्ख्या भावंडांनी सर्वांत आधी. आईवडील दोघे वाहक (दोषाची एकच प्रत असलेले) असतील तर प्रत्येक भावंडाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के. फेरिटिन, सॅच्युरेशन आणि जनुक चाचणी एकदाच करून घ्यावी. मुलं सज्ञान होईपर्यंत एचएफई चाचणीची सहसा घाई नसते.

लहान मुलाने लोहाच्या गोळ्या गिळल्या तर?

हा हळूहळू साठण्याचा नव्हे, विषबाधेचा प्रकार आहे. गोळीत प्रत्यक्ष लोह किती ते काढा : फेरस सल्फेटमध्ये सुमारे २०, फ्युमरेटमध्ये ३३ आणि ग्लुकोनेटमध्ये १२ टक्के. ३०० मि.ग्रॅ. फ्युमरेटच्या गोळीत १०० मि.ग्रॅ. लोह. १० किलोच्या मुलाने अशा ६ गोळ्या खाल्ल्या तर किलोमागे ६० मि.ग्रॅ. होतात, आणि ही गंभीर विषबाधेची पातळी आहे. किलोमागे २० च्या वर असेल, किंवा किती गोळ्या गेल्या ते कळत नसेल, तर थेट रुग्णालयात न्या. रिकामं पाकीट सोबत घ्या. घरी उलटी करवू नका. विषबाधेत एरवी देतात तो कोळसा लोहाला धरत नाही.

पहिल्या सहा तासांत उलट्या, जुलाब, कधी रक्त पडतं. मग मूल एकदम बरं दिसू लागतं आणि घरचे निर्धास्त होतात. हीच फसवी वेळ. त्यानंतर रक्तदाब कोसळू शकतो आणि दोन-तीन दिवसांत यकृत. म्हणून उलट्या थांबल्या तरी देखरेखीतून घरी आणण्याची घाई करू नये. गंभीर विषबाधेत डिफेरॉक्सामाइन शिरेतून देतात. मूल घरी आल्यावर दोन ते आठ आठवड्यांत पुन्हा उलट्या सुरू झाल्या तर परत दाखवा : लोहाने आतून भाजलेल्या जागी व्रण धरून जठराची वाट आकसलेली असू शकते.